खोकला जुनाच, पण आवाज कधीपासून बसलाय?

मागच्या अंकात मी दम्याच्या पंपांबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एकच वाक्य होतं की पंपाने न थांबणारा खोकला दरवेळी दम्याचाच असतो असं नाही, कधी कधी त्याच्यामागे फुफ्फुसाचा कॅन्सरही निघतो. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आले तेवढे पंपांवर पण आले नाहीत. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये.

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझे वडील ५९ वर्षांचे आहेत, गाव बार्शी तालुक्यात. वडील तरुणपणापासून बिडी ओढतात, दिवसाला एक बंडल तर संपतंच. दिवाळीपासून खोकला वाढला, एकदोनदा बेडक्यात रक्ताचे धागे दिसले. गावातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, वरच्या बाजूला डाग आहे म्हणाले आणि टीबीच्या गोळ्या चालू केल्या, बेडका तपासायला दिल्याचं घरात कुणालाच आठवत नाही. आता पाचवा महिना चालू आहे, खोकला तसाच, वजन ९ किलोने कमी झालं, महिनाभर आवाज बसलाय आणि डावा खांदा रात्रभर ठणकतो. डॉक्टर म्हणतात गोळ्या गरम पडल्यात, कोर्स पूर्ण करा. काय करू?

उत्तर : ताई, अंक छापून हातात येईपर्यंत थांबायची ही गोष्ट नाही म्हणून तुम्हाला लगेच कळवलं, आणि तुम्ही वडिलांना घेऊन सोलापूरला गेलात हे फार बरं केलंत. तरी उत्तर इथे सविस्तर लिहिते कारण अशाच कहाणीची अजून चार पत्रं माझ्यासमोर आहेत, गाव तेवढं वेगळं.

"कोर्स पूर्ण करा" हा सल्ला टीबी सिद्ध झालेला असेल तर शंभर टक्के बरोबर आहे, अर्धवट सोडलेला टीबी फार वाईट. पण इथे टीबी सिद्ध कुठे झालाय? फोटोतला डाग म्हणजे फक्त डाग. तो टीबीचा असू शकतो, न्यूमोनियाचा असू शकतो, गाठीचा असू शकतो, आणि नुसत्या फोटोवरून ते छातीठोक सांगणं कुणालाही जमत नाही, मलाही नाही. टीबी असेल तर औषध चालू झाल्यावर साधारण दोन महिन्यांत माणूस सुधारायला लागतो, ताप जातो, भूक लागते, वजन काट्यावर वर सरकतं. तुमच्या वडिलांचं सगळं उलट दिशेने चाललंय. मग दोनच मोठ्या शक्यता उरतात, एक म्हणजे औषधाला दाद न देणारा टीबी, दुसरी म्हणजे हा टीबी नाहीच. दोन्हीचा उलगडा तपासणीनेच होतो. बेडक्याची सीबीनॅट नावाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, मशीन दोन तासांत सांगतं की जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालतंय का. आणि त्याच्या जोडीला छातीचा सीटी स्कॅन. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, तपासण्या हातात आल्यावर डॉक्टर ठरवतील.

आता आवाजाबद्दल. डाव्या बाजूच्या स्वरयंत्राची जी नस आहे ना ती मानेतून सरळ स्वरयंत्रात जात नाही, ती खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला खालून वळसा घालते आणि परत वर येते. त्या वळणापाशी गाठ किंवा सुजलेल्या लसिकाग्रंथी दाबायला लागल्या की आवाज बसतो, आणि तो गुळण्या करून, ज्येष्ठमध चघळून येत नाही. सर्दीने बसलेला आवाज आठ-दहा दिवसांत सुटतो. तीन आठवड्यांच्या वर बसलेला आवाज हे कान-नाक-घसावाल्यांकडे जाण्याचं कारण आहे आणि बिडी ओढणाऱ्यात छातीचा फोटो काढण्याचंही. खांद्याचंही तसंच, फुफ्फुसाच्या अगदी टोकाला वाढणारी गाठ हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाबते, लोक महिनोन्महिने शेक घेतात, मानेला पट्टा लावतात, तेल चोळून घेतात. गंमत नाही, क्रूर योगायोग आहे की टीबीलाही फुफ्फुसाचा हाच वरचा भाग आवडतो. म्हणूनच फसगत होते.

आणि ही फसगत का होते तेही सांगते, कारण नुसतं गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन भागणार नाही. जगातले चौथा हिस्सा टीबी पेशंट आपल्या देशात आहेत. आमच्या डोळ्यांना डाग दिसला की मेंदू टीबी म्हणतो, आणि दहातल्या बऱ्याच वेळा तो बरोबरही असतो. मी शिकत होते तेव्हा एका हमाल काकांच्या कागदावर "दोन महिने औषध वाढवा" असं मीच लिहिलं होतं. बेडका तपासलेला नव्हता, मी विचारलंही नाही, आधीच्या कागदावर टीबी लिहिलेलं होतं म्हणून मीही टीबीच धरलं. ते दोन महिन्यांनी आले तेव्हा मानेवर कॅन्सरच्या गाठी आल्या होत्या. तेव्हापासून माझ्यासमोर टीबीचा कागद आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, जंतू दिसला होता का, कुणी बघितला, रिपोर्ट कुठाय. तुम्हीही विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाहीये.

प्रश्न : माझी बहीण ४४ वर्षांची, पुण्यात शाळेत शिक्षिका. आयुष्यात कधी सिगारेट हातात धरली नाही, घरात कुणी ओढत नाही. तीन महिने कोरडा खोकला होता, ॲलर्जी म्हणून औषधं झाली, शेवटी सीटी केला तर फुफ्फुसाचा कॅन्सर, तोही पसरलेला. आम्ही सगळे सुन्न आहोत पण सगळ्यात जास्त त्रास नातेवाईकांचा होतोय, भेटायला येतात आणि बाहेर जाऊन विचारतात की ही लपूनछपून ओढायची का. ती ते ऐकते. काय उत्तर देऊ?

उत्तर : त्यांना हे पान वाचायला द्या.

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं एक नंबरचं कारण तंबाखूचा धूर आहे हे खरंच, जगाचा हिशोब धरला तर बहुसंख्य केसेस त्याच्यामुळेच होतात. पण बहुसंख्य म्हणजे सगळ्या नव्हेत. आपल्याकडे तर चित्र अजून वेगळं आहे, मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या पेशंट्सवर २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता त्यात निम्म्याच्या आसपास पेशंट कधीच धूम्रपान न केलेले होते. महाराष्ट्रात तर मुळात ओढणारे कमीच आहेत, २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यात प्रौढांमध्ये ओढणारे ३.८ टक्के निघाले, आपल्याकडे तंबाखू जाते ती मुख्यतः तोंडात, चुना लावून किंवा मिश्रीच्या रूपाने. तरी फुफ्फुसाचा कॅन्सर होतोच आहे. मग तो कुठून येतो? दुसऱ्याच्या विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, डिझेलचा धूर, हवेतले बारीक कण, घरात कुणाला झालेला असणं, फुफ्फुसावरचे जुने व्रण, आणि कधी कधी बोट ठेवता येईल असं काहीच सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेलाच कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं, ज्या गटात तंबाखू आहे त्याच गटात. वर्षभराच्या सरासरीत पीएम २.५ हे बारीक कण दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावेत असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आपली सरकारी मर्यादाच ४० आहे.

न ओढणाऱ्यांना, त्यातही बायकांना होणारा कॅन्सर बऱ्याचदा ॲडिनोकार्सिनोमा प्रकारचा असतो, तो फुफ्फुसाच्या कडेकडेला वाढतो म्हणून खोकला उशिरा येतो. फुफ्फुसाच्या आतल्या भागाला दुखत नाही हो, दुखतं ते वरच्या आवरणाला. म्हणून आतली गाठ गपचूप वाढत राहते. तुमच्या बहिणीने काही अंगावर काढलं असं मनात आणू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बायोप्सीच्या तुकड्यावर जीनच्या तपासण्या झाल्यात का ते विचारा, ईजीएफआर, एएलके, आरओएस१ अशी नावं असतात. न ओढणाऱ्या आशियाई पेशंट्समध्ये ईजीएफआरमधला बदल बराच सापडतो, आणि तो सापडला तर रोज घरी घ्यायची गोळी मिळते जी नेमक्या त्याच बदलावर काम करते. पसरलेला आजार त्याने मुळापासून जात नाही हे मी लपवणार नाही, पण कित्येक जण त्या गोळीवर बरीच वर्षं नोकरी करतायत, स्वयंपाक करतायत, मुलांच्या परीक्षा घेतायत. त्यातल्या जुन्या गोळ्या जेनेरिकमध्येही मिळतात. ही तपासणी होईपर्यंत घाईने काही चालू करू नये, दम फारच लागत असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि बहिणीला माझ्याकडून सांगा, हा आजार कुणाच्या चारित्र्याचा दाखला नसतो. ओढणाऱ्याच्याही नाही.

प्रश्न : बाबा ६१ वर्षांचे, ४० वर्षं सिगारेट. सोडा म्हटलं की म्हणतात आता सोडून काय उपयोग, जे व्हायचं ते होऊन गेलं. त्यांना पटेल असं काहीतरी लिहा.

उत्तर : काका, तुम्हालाच लिहिते. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५० मध्ये दाखवलं की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा सिगारेटशी संबंध आहे. डॉल स्वतः ओढायचे, आपलेच आकडे बघून त्यांनी सोडली. मग १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधल्या ३४ हजारांवर पुरुष डॉक्टरांचा हिशोब ठेवायला सुरुवात केली आणि तो ५० वर्षं ठेवला. २००४ मध्ये आलेला निकाल असा की तिशीत सोडणाऱ्याला ओढत राहणाऱ्यापेक्षा सुमारे १० वर्षं जास्त मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्याला ९, पन्नाशीत ६, आणि साठीत सोडणाऱ्यालाही ३. काका, तीन वर्षं. नातवाची शाळा सुरू होते आणि तो वाचायला लागतो एवढा काळ. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सोडल्यावर दहाएक वर्षांत साधारण निम्म्यावर येतो, हृदयाला तर फायदा त्याच्या फार आधी मिळतो.

सोडायचं कसं हे मुलाने नाही विचारलं पण सांगते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड, चिडचिड होते, झोप उडते, तोंडात काहीतरी पाहिजे असतं. हे अपेक्षितच आहे, निकोटीन उतरतंय म्हणून होतं. पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो टोल फ्री आहे, तिथे समुपदेशक बोलतात आणि परत फोन करून विचारतातही. निकोटीनची च्युइंगगम, पॅच, काही गोळ्या यांनी मदत होते, डॉक्टरांना विचारून घ्या. "कमी करतो" यात अडकू नका, कमी ओढणारा प्रत्येक झुरका जास्त खोल ओढतो. आणि एकदा सुटली नाही म्हणून हार मानू नका, माझ्याकडे सोडलेले बरेचसे लोक दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सोडलेले आहेत. सिगारेटवरून बिडीवर येऊ नका एवढं मात्र लक्षात ठेवा, "पानाची असते, नैसर्गिक" असं लोक म्हणतात, पण तेंदूच्या पानातून हवा जात नाही, ती विझू नये म्हणून जोरात आणि सारखी ओढावी लागते, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातं.

प्रश्न : वय ५२, ठाणे. २५ वर्षं रोज १० सिगारेटी, दोन वर्षांपूर्वी सोडल्या. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये छातीचा एक्स-रे नॉर्मल आला. आता निश्चिंत राहू का? की दरवर्षी सीटी करू?

उत्तर : सोडल्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन. नॉर्मल एक्स-रे ही चांगली बातमी आहे पण ती खात्री नव्हे, हृदयाच्या मागे, हाडांच्या सावलीत, लहान गाठी एक्स-रेत दिसत नाहीत. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दरवर्षी एक्स-रे काढून फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. कमी झाले ते लो-डोस म्हणजे कमी किरणांच्या सीटीने, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ५३ हजारांवर जास्त ओढणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांना सीटी आणि निम्म्यांना एक्स-रे केला, सीटीवाल्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी. पण त्याच अभ्यासात जवळजवळ चौथा हिस्सा स्कॅनमध्ये काहीतरी दिसलं आणि त्या "काहीतरी"तले शंभरात ९६ कॅन्सर नव्हतेच. आपल्याकडे तर टीबीचे जुने वण असलेली फुफ्फुसं जागोजागी, म्हणजे इथे घाबरवणाऱ्या गाठी अजून जास्त दिसणार. म्हणून सरसकट प्रत्येकाने सीटी करा असं मी म्हणत नाही, आणि सरकारी स्क्रीनिंगमध्येही आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हेच तीन कॅन्सर आहेत.

हिशोब असा करतात. रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे १ पॅक-इयर, इथे लोकांची गल्लत होते कारण आपल्याकडची पाकिटं बरीचशी १० ची असतात. तुमचे २५ वर्षं गुणिले अर्धं पाकीट म्हणजे साडेबारा. अमेरिकेतली २०२१ ची शिफारस ५० ते ८० वय, किमान २० पॅक-इयर आणि अजून ओढणारे किंवा १५ वर्षांच्या आत सोडलेले अशांसाठी आहे. त्यात तुम्ही बसत नाही. पण तुमचा एखादा भाऊ किंवा मित्र त्यात बसत असेल तर त्याने छातीच्या डॉक्टरांशी यावर जरूर बोलावं. आणि हे सगळं ज्याला काहीच त्रास नाही त्याच्यासाठी, हे नीट समजून घ्या. खोकला, रक्त, वजन घटणं असं काही असेल तर पॅक-इयर मोजत बसायचं नाही, तिथे सीटी ही तपासणी आहे, पॅकेज नव्हे.

प्रश्न : बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. सुईने फुफ्फुसाभोवती थोडी हवा जमणं, थोडं रक्त येणं हे होऊ शकतं आणि डॉक्टर त्यासाठी तयार असतात. सुईच्या वाटेवर पेशी सांडणं इतकं दुर्मिळ आहे की त्यासाठी तपासणी टाळणं म्हणजे आग लागलीये का हे बघायला दार उघडू नका म्हणण्यासारखं. लोकांना पसरल्यासारखं वाटतं कारण मुळात बायोप्सीलाच उशिरा येतात, आजार आधीच पसरलेला असतो आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत दिसायला लागतो. नाव कळल्याशिवाय औषध ठरत नाही, आणि आताशा तर वर सांगितलेल्या जीनच्या तपासण्याही त्याच तुकड्यावर होतात.

प्रश्न : सासूबाईंच्या फुफ्फुसाला पाणी झालं होतं, दीड लिटर काढलं, टीबीचं पाणी म्हणून औषध दिलं. महिन्यात परत भरलं. असं होतं का?

उत्तर : टीबीचं पाणी औषधं चालू झाल्यावर सहसा इतक्या लवकर परत भरत नाही. काढलेलं पाणी कॅन्सरच्या पेशींसाठी तपासलं होतं का ते कागदात बघा, सायटॉलॉजी असा शब्द असेल. नसेल तर या वेळी पाणी काढताना नुसतं काढून फेकू देऊ नका, भरपूर पाणी तपासायला पाठवा असं सांगा, एकदा पेशी सापडल्या नाहीत तरी दुसऱ्यांदा सापडू शकतात, नाहीतर दुर्बिणीने आवरणाचा तुकडा घेता येतो. रक्तमिश्रित पाणी असेल तर अजिबात थांबू नका.

प्रश्न : आमच्याकडे गॅस आहे पण आंघोळीचं पाणी बंबात आणि भाकरी चुलीवरच. आई म्हणते आमच्या सात पिढ्या चुलीवर जेवल्या. शिवाय घरात रोज धूप, उदबत्ती आणि रात्री मच्छर कॉइल. यातलं नक्की कशाला घाबरायचं?

उत्तर : घाबरायचं कशालाच नाही, धूर बाहेर काढायचा. चीनमध्ये युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे, तिथे बायका ओढत नव्हत्या तरी त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर भयंकर होता, कारण घरात उघड्यावर जळणारा धुराचा कोळसा. पुढे चुलींना धुराडी बसवली आणि काही वर्षांनी कॅन्सरचं प्रमाण खरोखर उतरलं. कोळसा आणि लाकूड यात फरक आहे, लाकूड-गोवरीच्या धुराला कॅन्सर संशोधन संस्थेने दुसऱ्या गटात ठेवलंय, म्हणजे कॅन्सर होण्याची दाट शक्यता असलेला. त्याने सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडण्याचा आजार होतो यात तर शंकाच नाही, दमाही बळावतो. तेव्हा सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल ठेवायची असेल तर ती पडवीत, परसात न्या, नाहीतर धुराडं बसवा, बंब घराबाहेर ठेवा. तान्ह्या बाळाला चुलीपाशी घेऊन बसू नका. मिश्री भाजतानाचा धूरही याच्यातच मोजा, आणि खरं तर मिश्रीच सोडा.

कॉइलबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो, तो २००३ च्या अभ्यासातला आहे, एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडते. याचा अर्थ कॉइल लावणारा रोज शंभर सिगारेटी ओढतो असा नाही, तुलना फक्त कणांची आहे. पण दारं-खिडक्या लावून रात्रभर तो धूर घेण्यात काही शहाणपण नाही, मच्छरदाणी लावा. देवापुढे एक उदबत्ती लावायला माझी काही हरकत नाही, खिडकी उघडी असू द्या.

प्रश्न : भाचा इंजिनिअरिंगला आहे, हुक्का ओढतो आणि म्हणतो पाण्यातून गाळून येतो. मित्रांकडे व्हेपही बघितला.

उत्तर : पाण्याने धूर थंड होतो, गाळला जात नाही. थंड झाल्यामुळे खोल ओढला जातो एवढंच. राज्यात हुक्का पार्लरवर २०१८ पासून बंदी आहे आणि ई-सिगारेट विकणं, आणणं, साठवणं देशभर २०१९ पासून गुन्हा आहे. त्याला रागावू नका, निकोटीनची सवय लागलीये का ते विचारा, सकाळी उठल्या उठल्या हवंसं वाटतं का, आणि वाटत असेल तर वरचाच टोल फ्री नंबर त्याला द्या.

प्रश्न : मी खडी क्रशरवर १४ वर्षं कामाला, वय ४१. बिडी ओढतो. हल्ली चढावर दम लागतो, बोटांची टोकं जाड झालीत, नखं पोपटाच्या चोचीसारखी वाकलीत. मुकादम म्हणतो काम केल्यावर हात तसेच होतात. घराला सिमेंटचे पत्रे आहेत, त्याचंही कुणीतरी सांगितलं.

उत्तर : दादा, कामाने हाताला घट्टे पडतात, नखं वाकत नाहीत. दोन्ही हातांच्या तर्जनीची नखं एकमेकांवर पाठीला पाठ लावून धरा, नखांच्या मुळाशी मधे पतंगासारखी चौकोनी फट दिसायला पाहिजे. ती फट बुजली असेल तर फुफ्फुसं, हृदय तपासायला पाहिजेत. कारणं पुष्कळ आहेत, कॅन्सर हे त्यातलं एक, म्हणून घाबरून घरी बसू नका पण याच आठवड्यात फोटो काढा. दगडाची जी बारीक पांढरी धूळ असते तिच्यात सिलिका असतं, त्याने सिलिकोसिस म्हणजे धुळीने फुफ्फुसं कडक होण्याचा आजार होतो, टीबी सहज पकडतो, आणि १९९७ पासून ती धूळ कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात आहे. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मी क्रशरवर १४ वर्षं आहे. आम्ही डॉक्टर लोक विडी-काडी विचारतो, काम काय करता हे विचारायचं विसरतो, फार मोठी चूक आहे ती आमची. सिलिकोसिस हा कायद्याने सरकारला कळवावा लागणारा आजार आहे, तेव्हा कागदावर लिहून घ्या. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, एन-९५ लागतो आणि दगडावर पाणी मारावं लागतं, ते मारायची जबाबदारी मालकाची आहे.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲसबेस्टॉस असतं. पत्रा अखंड आहे तोवर फारशी काळजी नाही, तो कापताना, भोक पाडताना, फोडताना तंतू उडतात. कापायचाच झाला तर ओला करून, उघड्यावर, मास्क लावून. ॲसबेस्टॉस आणि विडी हे दोन धोके एकत्र आले की नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणून तुमच्यासाठी बिडी सोडणं हे इतरांपेक्षा दुपटीने गरजेचं आहे.

प्रश्न : ओढणाऱ्यांना खोकला तर रोजचाच असतो, मग नेमकं कधी जायचं? आणि कॅन्सर निघालाच तर पैसे कुठून आणायचे?

उत्तर : रोजच्या खोकल्याची माणसाला सवय होते, त्याच्या बायकोलाही होते, तिला झोपेतही कळतं हा त्यांचाच खोकला. म्हणून मी घरच्यांना विचारते, खोकला बदललाय का? सकाळचा होता तो रात्रभर झालाय का, कोरडा होता तो ओला झालाय का, त्यात खणखणीत वेगळा आवाज येतोय का. नवीन खोकला तीन आठवड्यांवर गेला तर जायचं, टीबीसाठी तर दोनच आठवडे सांगतात. बेडक्यात रक्त, एकदाही, चिमूटभरही, तर लगेच. काही न करता वजन घटतंय, पॅन्ट ढिली होतेय. एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय. चेहरा आणि मान सकाळी सुजतेय, गळ्याच्या शिरा फुगल्यात. एका डोळ्याची पापणी खाली आलीये. हाडं दुखतायत, कधी नव्हे ती फिट आली. यातलं बरंच काही दुसऱ्या साध्या कारणानेही होतं, आणि तसंच निघालं तर बरंच झालं की.

पैशांचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत, आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत, रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला भेटा. उपचार चालू करायच्या आधी भेटा, नंतर नाही. बाहेर बायोप्सी झाली असेल आणि मुंबईला जायचं असेल तर नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या, तो तुमचा हक्काचा आहे, नाहीतर पुन्हा सुई लावावी लागते आणि पंधरा दिवस जातात.

जाताना एका कागदावर खोकला कधी सुरू झाला ती तारीख, आधीचं आणि आताचं वजन, आतापर्यंत कुठली औषधं झाली, काम काय करता आणि किती वर्षं ओढता एवढं लिहून न्या. आणि जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका, पाच वर्षांपूर्वीचा असला तरी न्या. आजच्या फोटोतला डाग तेव्हाही तेवढाच होता असं दिसलं तर तो बहुधा जुना वण असतो आणि अर्ध्या तपासण्या वाचतात, आणि तेव्हा नव्हता असं दिसलं तर पुढे काय करायचं ते त्याच दिवशी ठरतं.